बांधावरची फुलं आणि शेताची हद्द



सोनगीरचं नाव काढलं की खान्देशातल्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, आग्रा रोडवरून जाताना दिसणारा किल्ला, आणि दुसरी, इथली तांब्या-पितळेची भांडी. आजचा विषय या दोन्हींपेक्षा साधा आहे. धुळ्याच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवरच्या या गावाभोवती जी शेतं पसरली आहेत, त्यांच्या मध्ये बांध असतो. कुणी त्याला धुरा म्हणतं. पाऊस संपल्यावर, दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत, त्या बांधावर काही झुडपं फुललेली असतात. ती तिथं कशी टिकली, आता का चालली आहेत, आणि ती गेल्यानं आपलं काय जातं, एवढंच मला आज मांडायचं आहे.

तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या व्याख्यानात फुलं कशाला? त्याचं कारण असं की ही फुलं कुणी बागेत लावलेली नाहीत. शेताची हद्द जिथं ठरली आणि जिथं नांगर थांबला, तिथं ती उरली. म्हणजे त्यांची जागा निसर्गानं जेवढी ठरवली, तेवढीच माणसाच्या भांडणानं, मोजणीनं आणि कायद्यानं ठरवली. आणि भांडण, मोजणी, कायदा हे सगळं इतिहासात येतं.

आधी एक गैरसमज दूर करू. हल्ली मधमाश्या वाचवा, फुलपाखरं वाचवा, असं बरंच वाचायला मिळतं. त्यात एक सल्ला असतो की हंगामाच्या शेवटी फुलणारी, बहुवर्षायू, देशी झाडं लावा. सल्ला योग्यच आहे. पण तो बहुतेक वेळा थंड देशांतून आलेला असतो. तिकडे हंगामाचा शेवट म्हणजे बर्फ पडायच्या आधीचे दिवस. उत्तर अमेरिकेत त्या दिवसांत गोल्डनरॉड आणि ॲस्टर फुलतात. दक्षिणेकडे निघालेली मोनार्क फुलपाखरं त्यांच्यावर पोट भरतात, आणि हिवाळा जमिनीत काढणाऱ्या बंबलबीच्या राण्या त्यांच्यावरच अंगात चरबी साठवतात.

आपल्याकडे बर्फ नाही. मग आपला हंगामाचा शेवट कोणता?

धुळे जिल्ह्याच्या या पूर्वेकडच्या पट्ट्यात पाऊस साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर, तोही जूनपासून सप्टेंबरपर्यंत. श्रावण-भाद्रपदात रान कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. पाय ठेवू तिथं फूल. पण ही बहुतेक वर्षायू झाडं. पावसात उगवतात, फुलतात, आणि आश्विन सरता सरता बी टाकून वाळून जातात. दुसऱ्या टोकाला मोठी झाडं आहेत. सावर, पळस, पांगारा ही झाडं माघ-फाल्गुनात फुलतात. मधे राहतात कार्तिक, मार्गशीर्ष आणि पौष. जमिनीच्या वरच्या थरातली ओल गेलेली असते, गवत पिवळं पडलेलं असतं, आणि पळस फुलायला अजून वेळ असतो. मधमाशीच्या दृष्टीनं हा आपला टंचाईचा काळ.

या टंचाईत फुलू शकतं कोण? ज्याचं मूळ खोल गेलं आहे ते. म्हणजे बहुवर्षायू झुडूप. वरची माती वाळली तरी खालची ओल त्याला मिळते. म्हणून आपल्याकडे 'उशिरा फुलणारं' आणि 'बहुवर्षायू' हे दोन्ही शब्द एकमेकांना बांधलेले आहेत. आणि खोल मूळ धरायला वर्षानुवर्षं न नांगरलेली जमीन लागते. शेतकी मुलखात अशी जमीन उरते कुठे? डोंगर-टेकड्यांवर, नाल्याच्या काठाला, गायरानात आणि बांधावर.

आता या बांधावरच्या मंडळींची ओळख करून घेऊ.

पहिला तरवड. कमरेएवढा ते डोक्याएवढा वाढणारा, पिवळ्याधमक फुलांचा. पावसाच्या शेवटाला त्याचा बहर सुरू होतो आणि हिवाळ्यात बराच काळ चालतो. याच्या फुलात मध नसतो. फक्त पराग, आणि तोही सहजासहजी मिळत नाही. परागकोशाला टोकाशी बारीकसं भोक असतं, मिठाच्या डबीला असतं तसं. काळा मोठा भुंगा येतो, फुलाला बिलगतो आणि पंख न हलवता अंगातले स्नायू थरथरवतो. आवाज बदलतो, एकदम बारीक 'गुंऽऽ' असा येतो, आणि पराग उडून त्याच्या अंगावर पडतो. मधमाशीला ही कला येत नाही. ती सांडलेले कण वेचते. म्हणजे तरवड हा मुख्यतः भुंग्याचा सोयरा.

दुसरी कोरांटी. पिवळी, काटेरी. पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळाभर फुलते. तिच्याकडे मध असतो, आणि माशांबरोबर शिंजीर पक्षीही येतात. तिसरी रुई, जवळजवळ बारा महिने फुलणारी. चौथं बोर. बोराचं फूल हिरवट, इतकं बारीक की आपलं लक्षही जात नाही. पण त्याचा मध उघड्या वाटीत असल्यासारखा असतो, म्हणून लांब सोंड नसलेल्या माश्या, गांधीलमाश्या, लहान रानमाश्या, सगळ्यांना तो घेता येतो. भाद्रपद-आश्विनात बोरीखाली उभं राहिलं की वर नुसती गुणगुण ऐकू येते. पाचवी उन्हाळी, जिला वैद्य शरपुंखा म्हणतात, जांभळ्या फुलांची. शिवाय बाभूळ आणि हिवर, कुंपणाला लावलेली निर्गुडी, आणि थंडीत पांढरी फुलं धरणारा अडुळसा.

या झाडांची नोंद अभ्यासकांनी केलेली आहे. थिओडोर कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी निघाला. त्यात झाडांच्या वर्णनाबरोबर फुलण्याचे महिनेही दिले आहेत. अलीकडचं काम आपल्याच जिल्ह्यातलं आहे. धुळ्याच्या महाविद्यालयात शिकवणारे डॉ. डी. ए. पाटील यांनी धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींचा ग्रंथ २००३ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना झाड नावानिशी ओळखायचं आहे त्यांनी ही पुस्तकं जरूर पाहावीत.

आता एक गंमत बघा. तरवडाला जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. रुईत चीक. कोरांटीला काटे, बोरीला काटे, बाभळीला, हिवराला काटे. अडुळसा कडू, निर्गुडी उग्र वासाची. ही यादी योगायोगानं जमलेली नाही. बांधावर शतकानुशतकं शेळ्या-गुरं चरली. जे गोड होतं, मऊ होतं, ते खाल्लं गेलं. जे कडू, चिकाळ, काटेरी होतं, ते राहिलं. म्हणजे बांधावरचा हा फुलोरा आपल्या गुराख्यांनी आणि त्यांच्या शेळ्यांनी निवडलेला आहे, असं म्हटलं तरी चालेल.

पण मुळात बांध का राहिला? इथे आपल्याला थोडं मागे जावं लागेल.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत शिवेचे तंटे वारंवार भेटतात. दोन गावांची शीव कुठून जाते, दोन वतनदारांच्या शेतांची हद्द कोणती, यासाठी गोतसभा बसायची, साक्षी व्हायच्या, महजर लिहिला जायचा. कागदावर नकाशा नसे. हद्द शब्दांनी सांगितली जायची. अमुक नाल्यापासून तमुक दगडापर्यंत, तिथून बाभळीपर्यंत, तिथून टेकाडापर्यंत. काही वेळा साक्षीदाराला दिव्य करत, शपथेवर, शीव चालून दाखवावी लागे. खोटी शीव चालणाऱ्याचं वाईट होतं अशी श्रद्धा होती. म्हणजे हद्दीवरचं झाड हा पुरावा होता. ते तोडणं म्हणजे पुरावा बुडवणं. झाडाला संरक्षण मिळालं ते मधमाशीसाठी मिळालं नाही, आपल्या जमिनीसाठी मिळालं. पण मधमाशीला त्याचा फायदा झाला.

खान्देशात मधे एक वाईट काळ आला. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेनं मुलूख तुडवला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला. १८१८ मध्ये इंग्रजांकडे खान्देश आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला पहिला पोलिटिकल एजंट झाला, तेव्हा कित्येक गावं ओस पडलेली होती. शेतात झाडोरा माजला होता, वाघांचा उपद्रव होता. माणसासाठी हे संकटच. पण आज आपण ज्याला बांधावरची झुडपं म्हणतो, ती त्या काळात बांधापुरती नव्हती, सगळीकडे होती. पुढची साठ-सत्तर वर्षं ही ओसाड जमीन पुन्हा वहीत आणण्याची. त्यात हा झाडोरा मागे मागे सरकत गेला आणि शेवटी शेताच्या कडेला येऊन थांबला.

त्याला कडेला नेमकी जागा दिली ती मोजणीनं. मुंबई इलाख्यात जमाबंदीची नवी पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापुरात सुरू केली. तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. खान्देशाच्या पाहणीची योजना विंगेट यांनी १८५२ मध्ये मांडली. लोकांना ती आवडली नाही. मोजणी म्हणजे सारा वाढणार, ही भीती होती. त्याच वर्षाच्या अखेरीला सावदा, फैजपूर या भागात हजारो शेतकरी जमले, मोजणीवाल्यांना काम करू देईनात. शेवटी लष्कर आणून तो उठाव मोडला. त्यानंतर मोजणी झालीच. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, कोपऱ्याला दगड आला, आणि दोन नंबरांच्या मध्ये न नांगरलेली पट्टी हद्दीची खूण म्हणून कायद्यात आली.

मला या गोष्टीचं फार नवल वाटतं. ज्या मोजणीविरुद्ध आपले पणजोबा-खापरपणजोबा उठले, तिनंच गावोगाव मैलोन्‌मैल लांबीची न नांगरलेली जमीन राखून ठेवली. सरकारला हवी होती हद्दीची खूण. पण प्रत्यक्षात तयार झालं ते तरवड-कोरांटीचं जाळं, प्रत्येक शेताच्या चारी बाजूंनी. पुढे १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध झालं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे आली. पडीक जमिनी भराभर फुटल्या. जेवढी पडीक कमी झाली, तेवढं बांधाचं महत्त्व वाढलं. आधी तो झाडोऱ्याच्या अनेक जागांपैकी एक होता. आता शेतकी मुलखात तो जवळजवळ एकटा उरला.

बांध नुसता हद्दीचा नव्हता, तो पोटाचाही होता. बांधावरचं मारवेल कुणी कापायचं, बोरं कुणी वेचायची, सरपणाला काट्या कुणी न्यायच्या, हे गावात ठरलेलं असायचं. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्या शेळीचा चारा आणि चुलीचं जळण बऱ्याच अंशी इथून यायचं. आणि तरवडाची साल! कातडं कमवायला चर्मकारांना तरवडाची आणि बाभळीची साल लागायची. चामड्याची मोट, वहाणा, जुंपण्या, पखाली, शेतीचं निम्मं सामान कातड्याचं होतं. तामिळ मुलखात याच झाडाला आवारम् म्हणतात. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेतून जी कमावलेली कातडी परदेशात जायची, त्यात आवारम् सालीचा मोठा वाटा होता. विसाव्या शतकात वॅटलची साल आणि क्रोमचं रसायन आलं, मोटेच्या जागी इंजिन आणि वीजपंप आला, आणि तरवडाला गिऱ्हाईक राहिलं नाही. झाडाचा उपयोग संपला की लोक त्याला तण म्हणू लागतात. तरवडाचं तेच झालं.

सणातही त्याची जागा होती. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत नवरात्रात घटावर जी माळ चढते, तिच्यात तरवडाची, कारळ्याची, तिळाची फुलं असायची, अजूनही काही घरांत असतात. म्हणजे त्या आठवड्यात शिवारात जे फुललेलं असतं ते. तेलंगणात तर याच फुलांचे थर रचून बतुकम्मा करतात. तिथे त्याला तंगेडु म्हणतात, आणि ते त्या राज्याचं राज्यफूल आहे. आपल्याकडे मात्र दसरा म्हटलं की झेंडू. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. पोर्तुगीज व्यापाराच्या काळात तो इकडे आला आणि असा रुळला की तो परका आहे असं सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. झेंडूशी माझं भांडण नाही. त्यावर आपल्या शेतकऱ्यांची दिवाळी होते. पण बाजारातला भरगच्च संकरित झेंडू पाकळ्यांनी इतका भरलेला असतो की किड्याच्या हाती फारसं काही लागत नाही. देवाच्या माळेतून तरवड गेला, तसा तो आपल्या डोळ्यांतूनही गेला.

विसाव्या शतकात बांधाला आणखी एकदा बळ मिळालं. मुंबई सरकारनं १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि अवर्षणाच्या भागात माती अडवण्यासाठी समपातळी बांध घालायला सुरुवात झाली. मग १९७२ चा दुष्काळ. त्या काळात बंडिंगच्या कामावर गेलेली माणसं आजही गावागावांत आहेत. खडी फोडली, बांध घातले, सुकडी खाल्ली, हे ते सांगतात. त्या बांधांनी माती धरली, आणि त्या मातीत पुन्हा झुडपं आली.

मग ओहोटी कधी लागली? याला एक कारण नाही, चार-पाच आहेत.

पहिलं, वाटण्या. कृषी गणनेनुसार १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात सरासरी खातं ४.२८ हेक्टरचं होतं. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आलं. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे, पण घरातल्या वाटण्या कायद्यानं कधी थांबत नसतात. तुम्हाला वाटेल की तुकडे वाढले म्हणजे बांधही वाढले. संख्येनं वाढलेही असतील. पण ज्याच्याकडे तीन एकर आहेत त्याला बांधाची प्रत्येक वीत दिसते. तो दरवर्षी एक तास आत घेतो. पलीकडचाही तेच करतो. 'बांध कोरणे' हा शब्द आपल्या भाषेत उगाच नाही आला. भाऊबंदकीच्या किती दाव्यांचं मूळ त्यात आहे, ते वकिलांना विचारा.

दुसरं, यंत्र. बैलाचा नांगर बोरीला वळसा घालून जायचा. ट्रॅक्टरला वळसा परवडत नाही, आणि जेसीबीला तर बोरीची मुळं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. तिसरं, तणनाशक. पूर्वी बांध विळ्यानं कापला जायचा. विळ्यानं वरचं जातं, मूळ राहतं, पुन्हा फुटवा येतो. तणनाशकानं मूळच मरतं, आणि मोकळ्या जागेवर गाजरगवत येतं. चौथं, उन्हाळ्यात बांध पेटवणं. त्यात झुडूप कदाचित वाचतं, पण वाळक्या काडीत, पोखरलेल्या लाकडात घर केलेल्या माश्या आणि भुंगे वाचत नाहीत. आपल्या रानमाश्यांपैकी पुष्कळ एकेकट्या राहतात, जमिनीत बीळ करतात किंवा पोकळ काडीत अंडी घालतात. त्यांना पोळं नसतं, राणी नसते, त्यामुळे त्या आपल्या लक्षातही येत नाहीत. पाचवं कारण फवारणीचं. कपाशीवर मारलेलं औषध वाऱ्यानं बांधावर जातं, आणि बांधावरच्या फुलात माशी बसलेली असते.

आता मुद्द्याचं. हे गेल्यानं आपलं काय जातं?

२०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांशी जोडलेल्या जैवविविधता मंचानं जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. माणसाच्या मुख्य अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिकं कमी-अधिक प्रमाणात किड्या-पाखरांच्या परागीभवनावर अवलंबून आहेत, असं त्यात म्हटलं आहे. आपली बाजरी आणि ज्वारी त्यात नाहीत, त्यांचं काम वारा करतो. कपाशीचंही बरंच आपोआप होतं. पण कांद्याचं बी घ्या. कांद्याच्या गोंड्यात प्रत्येक फुलाचा पराग आधी सुटतो, आणि त्याच फुलाचा स्त्रीभाग नंतर तयार होतो. म्हणजे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर कुणीतरी नेऊन टाकावाच लागतो. टरबूज, कारली, दोडकी यांत तर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. माशी आली नाही की फळ वाकडं तरी होतं, नाहीतर गळून तरी पडतं. डाळिंब, तीळ, बोर, शेवगा यांनाही किड्यांची मदत लागते. आणि खान्देशातला कोरडवाहू शेतकरी याच पिकांवर चार पैसे जास्त मिळवायला बघतो.

कांद्याचा गोंडा फुलतो माघ-फाल्गुनात. तीन आठवडे, फार तर चार. त्या दिवसांत माशीला मेजवानी असते. पण लग्नाच्या जेवणावर कुणी वर्ष काढत नाही. माघात माशी शिवारात हवी असेल, तर ती कार्तिक, मार्गशीर्ष, पौषात जगली पाहिजे. ते तीन महिने तिला कोण जगवतं? तूर फुललेली असेल तर तूर. नाहीतर बांध. तो नसेल तर पेट्या भाड्यानं आणा. पेटी आणता येते, ते वाईट नाही. पण पेटीतली माशी एका जातीची. तरवडावर थरथरणारा भुंगा किंवा तुरीचं फूल दाबून उघडणारी पानकापी माशी पेटीत मिळत नाही. शिवाय लहान रानमाश्या घरापासून काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाहीत. त्यांना अन्न आणि घर, दोन्ही शेताच्या कडेलाच हवं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. दगडीपाला अमेरिकेतून आलेला, वेडी बाभूळ अमेरिकेतून आलेली, पण त्यांच्यावरही माश्या-फुलपाखरं दिसतातच की! मग देशीचा आग्रह कशाला? खरं आहे. भुकेली माशी फुलाचा दाखला विचारत नाही. पण फूल हे फक्त प्रौढ किड्याचं जेवण. फुलपाखराच्या अळीला पान लागतं, आणि तेही ठरावीक झाडाचंच. तरवडाच्या पानांवर फिक्या पिवळट-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, रुईच्या पानांवर तांबूस पट्टेरी फुलपाखरांच्या. त्या अळ्या दगडीपाल्यावर वाढणार नाहीत. म्हणून मी म्हणतो, परकं उपटायला धावू नका, पण देशी गेलं की ते झेंडूनं किंवा दुभाजकातल्या बोगनवेलीनं भरून निघत नाही.

मग करायचं काय? एक साधा हिशेब मांडतो. एक हेक्टरचं चौकोनी शेत घ्या. बाजू शंभर मीटर, घेर चारशे मीटर. आपल्या बाजूनं अर्धा मीटर पट्टी सोडली तर किती जमीन गेली? दोनशे चौरस मीटर. म्हणजे शंभरातले दोन. शेजाऱ्यानंही अर्धा मीटर सोडला की मधे पूर्ण एक मीटरचा बांध उभा राहतो. एकट्यानं सोडून उपयोग नाही, कारण पलीकडचा कोरत राहणार. म्हणून हे काम रोपांपासून नाही, शेजाऱ्याशी बोलण्यापासून सुरू होतं, आणि ते जास्त अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत हद्दीच्या खुणा राखण्याची जबाबदारी जमीनधारकावरच टाकलेली आहे, आणि त्या नष्ट करणं दंडाला पात्र आहे. पण कायद्याची भीती घालून फुलं लागत नाहीत. दोघांनी मिळून मोजणी करून घ्यावी, दगड रोवावेत, आणि मगच झुडूप लावावं. झुडूप मग भांडणाचं कारण होत नाही, साक्षीदार होतं, जसं पूर्वी होतं.

लावणं सोपं आहे. तरवडाच्या शेंगा हिवाळ्याच्या शेवटी वाळतात. बी कठीण कवचाचं असतं, म्हणून गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवावं आणि मृगाच्या पावसात बांधावरच टोकावं. अडुळसा आणि निर्गुडी फांदीनं लागतात. कोरांटीही छाटानं लागते. बोरीचं रोप कुणी विकत घेऊ नये, आपल्याच बांधावरच्या गोड बोरीची आठोळी पुरावी. पिकावर सावली पडेल ही काळजी असेल तर बाभूळ-हिवर पूर्वेकडच्या किंवा पश्चिमेकडच्या बांधावर न लावता शेताच्या उत्तरेच्या बांधावर ठेवावेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असतो, सावली आपल्या शेताबाहेर पडते. अर्थात ती शेजाऱ्याच्या शेतात पडते, म्हणून पुन्हा शेजाऱ्याशी बोलणं आलंच. तरवड-कोरांटीला ही अडचण नाही. पहिली दोन वर्षं तणनाशक आणि आग, या दोन गोष्टी बांधापासून लांब ठेवल्या की पुढचं ती झुडपं स्वतः बघतात. तरवडाची जनावरांपासून राखण सहसा करावी लागत नाही, ते आपण मघाशी पाहिलं. आणि गवत कापायला येणाऱ्या बाईला अडवू नका. विळ्यानं बांधाचं कधी नुकसान झालेलं नाही.

शेवटचा एक विचार मांडून थांबतो. किल्ला पडला तर पुरातत्त्व खात्याला पत्र लिहिता येतं. जुना कागद फाटायला आला तर धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून तो सांभाळायला बसलेलं आहे. बांधाला असं कुणी नाही. तो दोन माणसांच्या मधे असतो, आणि दोघांनी ठरवलं तरच राहतो. शिवेवरच्या साक्षीदारांपासून दुष्काळातल्या बंडिंगपर्यंत किती लोकांचे हात त्याला लागले आहेत, ते आपण आज पाहिलं. यंदा दसऱ्याला सोनं लुटायला जाल तेव्हा आपट्याच्या पुढे दोन पावलं जाऊन आपल्या बांधावर काय फुललंय ते बघा. तरवड असेल तर माळेत चार फुलं ओवा. नसेल तर हिवाळ्याच्या शेवटी कुणाच्या तरी बांधावरून मूठभर शेंगा मागून आणा.